बेळगावात राहून वैद्यकीय उपकरण किंवा आरोग्याचं ॲप तयार करायला सरकारी संशोधन निधी मिळतो का, की पुणे-बंगळूर गाठावंच लागतं?

मिळतो. पुण्याला बिऱ्हाड हलवायची काही गरज नाही. तुम्ही लिहिलंय की कॉलेजातल्या कुणीतरी ‘बेळगावात रिसर्च होत नाही, इथं फक्त जॉबवर्क होतं’ असं सांगितलं. त्या माणसाला एवढंच विचारा, की बाळंतपणात रक्त किती गेलं हे मोजायची मापाची पिशवी कुठल्या जिल्ह्यातल्या अभ्यासासाठी तयार झाली?

माहीत नसणारच, म्हणून सांगतो. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा एक अभ्यास आला, तो बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतला. १६२० बायका. निम्म्यांना बाळंत झाल्या झाल्या खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या, आणि देणाऱ्या सगळ्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई. जादा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. आता रक्त किती गेलं हे नुसतं बघून सांगायचं म्हटलं तर माणूस कमीच सांगतो. म्हणून केएलई संस्थेच्या जेएनएमसी या इथल्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी बाईच्या अंगाखाली घालायचा एक प्लास्टिकचा ड्रेप तयार केला. खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा, बस्स. नजरेचा अंदाज आणि ड्रेपचं माप ताडून बघितलं तर नजर ३३ टक्क्यांनी कमी भरली. पुढं याच जातीचा ड्रेप घेऊन आफ्रिकेतल्या ४ देशांत ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला. रक्तस्राव ड्रेपनं वेळेत ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. बेळगावच्या अभ्यासाला पैसा होता अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन खात्याचा आणि जोडीला गेट्स फाउंडेशनचा. म्हणजे परक्या देशातल्या लोकांच्या करातून आमच्या जिल्ह्यात काम झालं, आणि आमच्या लोकांना त्याचा पत्ता नाही.

एवढं तावातावानं लिहायचं कारण म्हणजे माझं आणि एका सरांचं याच पिशवीवरून वाजलं होतं.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, आमचं मशीन शॉप आहे, वडिलांनी घातलेलं. हायड्रॉलिकचे जॉब हे आमचं पोटापाण्याचं काम. माझी चुलत वहिनी तेव्हा खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात उपकेंद्राला एएनएम होती. पावसाळ्यात तिकडं झाड पडून तार तुटली की दोन-दोन दिवस लाईट नाही. एक दिवस ती सिमेंटच्या पोत्यात घालून पायानं चालवायचं सक्शन मशीन, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढायचं यंत्र, घेऊन शॉपवर आली. म्हणाली, ‘‘भावजी, हे बघा की जरा. कपाटात नवं कोरं पडलंय, पण ओढतच नाही.’’

उघडून बघितलं. पेडल दाबलं की रबरी भाता दबतो, सोडलं की स्प्रिंगनं उघडतो आणि बाटलीतली हवा ओढतो, एवढंच ते यंत्र. भात्याच्या घड्यांत बोट घातलं तर रबराची काळी पूड हाताला. व्हॉल्व्हची पाकळी जागेवरच चिकटलेली. यंत्र वापरून झिजलं नव्हतं, न वापरता मेलं होतं. वहिनीला म्हटलं, चालवून दाखव. तिनं निऱ्या खोचल्या आणि पाय ठेवला, तर पेडलच्या कडेत साडीचा काठ अडकला आणि बूड फरशीवरून सरकलं. ‘‘एका हातात बाळ, एका हातात नळी, आणि हे माझ्याबरोबर खोलीभर फिरतंय,’’ म्हणाली. ड्रॉइंग काढणाऱ्यानं साडी नेसलेली बाई डोळ्यांपुढं आणलीच नव्हती.

मग मी ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांना गाठलं. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या कॅटलॉगात नाही. हल्ली जन्मलेल्या प्रत्येक बाळाला सक्शन करायचं नसतं, श्वासाची वाट अडली असेल तरच. म्हणजे हे यंत्र महिनोन् महिने कपाटात पडून राहणार, आणि ज्या रात्री लागेल त्या रात्री पहिल्याच दाबाला ओढलं पाहिजे. वर ओढही १०० मिलिमीटर पाऱ्याच्या पुढं जाता कामा नये, नाहीतर बाळाला इजा. खरा संशोधनाचा प्रश्न तो. पडून राहून न मरणारा भाता, न चिकटणारा व्हॉल्व्ह, आणि जादा ओढ झाली की आपोआप हवा आत घेणारी झडप. आम्ही सिलिकॉनचा भाता ओतून घेतला, झडप शॉपवरच लेथला काढली, बिजागरी मागं नेली आणि बुडाला रबराचे जोडे घातले.

इथवर खिशातले पैसे. पुढं चाचण्या करायच्या म्हणजे निधी हवा, आणि निधीला संस्था हवी, म्हणून एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर मुख्य अर्जदार झाले. त्या वर्षी जाहिरातीत शब्द होता ‘डिजिटल आरोग्य’. सर म्हणाले, ‘‘यात सेन्सर घालू, ब्लूटूथ घालू. पेडल किती वेळा दाबलं ते ॲपवर येईल आणि तालुक्याला डॅशबोर्डवर दिसेल.’’

मी म्हटलं, ‘‘सर, लाईट नाही म्हणून पायाचं यंत्र. त्याला आता चार्जर लावायचा?’’

‘‘कमिटीला रबर दाखवून पैसे मिळत नाहीत.’’

मी पिशवीचं उदाहरण दिलं. त्यात ना सेन्सर ना बॅटरी, पण जगात गेली. त्यावर सर काय म्हणाले? ‘‘ती प्लास्टिकची पिशवी आहे हो, तिला टेक्नॉलॉजी म्हणत नाहीत.’’ मी त्यावर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पैसे मिळाले, सरांच्याच अर्जावर. बोर्ड, ॲप आणि एका मुलाचा पगार यांत बहुतेक सगळे गेले, भात्याला ‘मेकॅनिकल पार्ट्स’ नावाची एक बारीकशी ओळ. अंतिम अहवालाच्या मुखपृष्ठावर मोबाइल धरलेला हात आहे, मशीन फोटोतून अर्धं कापलेलं. छापून आलेल्या शोधनिबंधात आमचं शॉप आभाराच्या परिच्छेदात, ‘लोकल व्हेंडर’ म्हणून. आमच्या भात्याची मशीनं खानापूरच्या बाजूला अजून ओढताहेत. ॲपचं लॉगिन प्रकल्प संपला त्याच वर्षी बंद पडलं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची बायरॅक ही नव्या उद्योगांना संशोधनासाठी पैसे देणारी संस्था २०१२ पासून आहे. तिच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान आणि साधारण १८ महिने मुदत. एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, निवड झाली तर कंपनी काढावी लागते. अर्ज भागीदार केंद्रांमार्फत हाताळले जातात, बंगळूरला सी-कॅम्प, पुण्याला व्हेंचर सेंटर. कर्नाटक सरकारची स्टार्टअपसाठी एलिव्हेट योजना आहे, तीही ५० लाखांपर्यंत, पण कंपनी कर्नाटकातली हवी. आयसीएमआरचे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे, प्रकल्प डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ पुढं असेल तरच, तुम्ही सहअर्जदार. ‘मेडटेक मित्र’ हे केंद्राचं मदत व्यासपीठ २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालं, ते मंजुरीचा आणि चाचण्यांचा रस्ता दाखवतं. केंद्रानं संशोधनाला पैसे द्यायला काढलेल्या अनुसंधान फाउंडेशनचा ५० हजार कोटींचा आकडा ऐकून हुरळू नका, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे धरलेत.

पैसा हप्त्यानं येतो. टप्पा दाखवा, खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग पुढचा हप्ता. मधे तुमचा पोरगा पगार मागणारच, तेव्हा थोडं भांडवल घरचं पाहिजे. ‘माझं नुसतं ॲप आहे, मला परवाना कशाला’ असंही धरून चालू नका. निदान किंवा उपचारासाठी असेल तर सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरणात मोडतं. २०१७ च्या नियमांत अ, ब, क, ड असे धोक्याप्रमाणे वर्ग आहेत. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, क आणि ड चा केंद्र.

माझं ठाम मत विचाराल तर अडचण निधीची नाहीच, खरेदीची आहे. एका हातानं सरकार संशोधनाला पैसे देतं आणि दुसऱ्या हातानं टेंडर काढतं, त्यात सगळ्यात कमी दरवाला जिंकतो आणि मागच्या वर्षांची उलाढाल मागतात. स्टार्टअपला सवलत कागदावर आहे, तेवढी टेंडर वाचताना नीट शोधा.

आणि पहिल्याच दिवशी लेखी करा, पेटंटवर नावं कुणाची, पेपरवर कुणाची, प्रकल्प संपल्यावर साचे कुणाकडं राहणार. चहा पिताना ‘आपण घरचेच’ म्हणणारा माणूस अहवाल लिहिताना घरचा राहत नाही. जो वस्तू घडवतो त्याला व्हेंडर म्हणायचं आणि जो तिच्यावर चिकटपट्टीनं बोर्ड लावतो त्याला संशोधक, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही. सर हे वाचत असतील तर वाचू देत. झडपेचं ड्रॉइंग माझ्या अक्षरातलं आहे आणि त्यावर तारीख आहे.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. बॅटरी आली की वस्तू वाया गेली असं नव्हे. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे तपासणी यंत्र बॅटरीवर चालतं, क्षयाची तपासणी आरोग्य केंद्रात करतं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. बंगळूरच्या बिगटेक कंपनीनं ते घडवलं तेव्हा सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या योजनेतला सरकारी पैसाही त्यात होता. उलट बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशा आणि एएनएमच्या हातात ॲप घातलेला टॅबलेट संगणक देऊन गरोदरपणातला रक्तदाब पकडायचा मोठा अभ्यास झाला, तो गेट्सच्या पैशातला. २०२० साली निकाल आला, माता-बाळांच्या गंभीर त्रासाच्या एकूण आकड्यात फरक पडला नाही. तिथं ॲप वाईट होतं असं माझं म्हणणं नाही. धोका कळला तरी पुढं गाडी, डॉक्टर, खाट लागतेच, ती ॲपमधून येत नाही. आमच्या सरांनाही कमिटीची भाषा बरोबर कळत होती हे कबूल केलं पाहिजे. माझ्या अर्जाला पैसे मिळाले असते की नाही, देव जाणे.

कन्नड नीट येत नसेल तर अडतं का, असंही तुम्ही विचारलंय. केंद्राचे अर्ज आणि मुलाखती इंग्रजीत, तिथं अडत नाही. राज्याच्या कार्यालयात जेमतेम कन्नड असलं तरी निभतं, सोबत एक कन्नड मित्र न्या, भांडण नको. पण पेशंटवर अभ्यास असेल तर संमतीपत्र त्याला कळणाऱ्या भाषेतच लागतं, म्हणजे आपल्या भागात कन्नड आणि मराठी दोन्ही, आणि एथिक्स कमिटी ते तपासते. त्याचा खर्च बजेटात घाला, सगळे विसरतात.

अर्ज भरायच्या आधी ॲप एखाद्या एएनएमच्या हातात द्या. वहिनीची बदली आता निपाणीकडं झालीय. निरोप टाका, नंबर कळवतो. दुपारी दोननंतर फोन करा, सकाळी लसीकरण असतं. आणि ती जी नावं ठेवेल ती तिथंच लिहून घ्या, नंतर तिला आठवत नाहीत.