लूर्दहून परतल्यावर काय उरतं?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमची कॅथलिक मैत्रीण लूर्दची तीर्थयात्रा करून आली आणि तेव्हापासून तिच्याकडे दुसरा विषय नाही. अशा यात्रेने रोजच्या जगण्यात खरंच काही फरक पडतो, की महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या?

माझ्यापुरतं सांगतो. बरंचसं मागल्यावर येतं. लूर्दहून येताना मी रोज रात्री रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, म्हणायचं ठरवलं होतं. तीन आठवडे नेटाने म्हटली. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या दहा मण्यांतच डोळा लागायला लागला आणि पुढे माळ उशीखालून कपाटात गेली. जे टिकलं ते मी ठरवलेलंच नव्हतं.

लूर्द हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी. 1858 साली 11 फेब्रुवारी ते 16 जुलै या काळात बर्नाडेट सुबिरू नावाच्या 14 वर्षांच्या मुलीने नदीकाठच्या गुहेत मारियामातेचं 18 वेळा दर्शन झाल्याचं सांगितलं. पोर दम्याने बेजार, घरची परिस्थिती हलाखीची, त्यामुळे सुरुवातीला पुष्कळांनी तिला वेड्यात काढलं. 1862 मध्ये तिथल्या बिशपांनी दर्शनं मान्य केली. तरीही त्यांवर विश्वास ठेवलाच पाहिजे अशी सक्ती चर्च कुणावर करत नाही, आणि आयुष्यात एकदा तीर्थयात्रा केलीच पाहिजे असा नियमही आमच्यात नाही.

तिथला झरा बर्नाडेटने हाताने माती उकरली तिथे लागला, आधी नुसता गढूळ. त्याच वर्षी तुलूझच्या एका प्राध्यापकाने त्या पाण्याची रासायनिक तपासणी केली आणि निष्कर्ष दिला की हे पिण्याचं साधं पाणी आहे. मला ही गोष्ट फार आवडते. ‘त्या पाण्यात असतं तरी काय?’ असं कुणी विचारलं की मी सांगतो, पाणी असतं.

चमत्कारांचंही तसंच. 1883 पासून तिथे डॉक्टरांची कचेरी आहे, बरं झाल्याचा दावा करणाऱ्यांची कागदपत्रं ती तपासते. दावे हजारोंनी आले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरहून थोडेच अधिक. म्हणजे तिथे येणारे जवळजवळ सगळे आजारी जसे आले तसेच परत जातात, आणि त्यातले कितीतरी पुन्हा येतात. का येतात, हे मला जाण्याआधी कळत नव्हतं.

आमच्या गटात चाकाच्या खुर्चीवरच्या एक बाई होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना आंटी म्हणायचे. खुर्ची ढकलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी धडधाकट दिसत होतो. बाकी पात्रता शून्य. पहिल्याच उतारावर मी खुर्ची सरळ पुढे काढली आणि आंटी बसल्या जागेवरून घसरायला लागल्या.

“उलटी वळव,” त्या म्हणाल्या. “उतारावर मागे मागे चालायचं. तू आधी, मी नंतर. आणि हात लावण्याआधी सांगत जा रे. मी सामान नाहीये.”

लूर्दमध्ये पहिली जागा आजाऱ्यांची. रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते, तेव्हा मोक्याच्या जागा चाकाच्या खुर्च्यांना. दुपारी पवित्र साक्रामेंताची, म्हणजे आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो त्या भाकरीची, मिरवणूक असते, तेव्हाही तेच. पायावर उभं राहता येणारे सगळे मागे. खरं सांगू? पहिल्या दिवशी मला वैताग आला होता. एवढ्या लांबून येऊन लोकांच्या पाठीच बघायच्या का! दुसऱ्या दिवशी खुर्चीमागे उभा असल्यामुळे मीही पुढे पोहोचलो आणि माझी तक्रार आपोआप संपली. यात माझी सुधारणा कमी आणि सोय जास्त होती, हे कबूल.

झऱ्यापाशी एका स्वयंसेविकेने माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. आधी हात धुवायचे, मग तोंड, मग प्यायचं. पाणी चांगलंच गार. काय मागावं याचा विचार करत मी उभा राहिलो, तोवर सगळं पाणी बोटांतून गळून गेलं. तिने हसून पुन्हा ओतलं.

नंतर मी आंटींना विचारलं, “तुम्ही काय मागितलंत?”

“गुडघ्यांचं मागून झालं बरीच वर्षं. आता घरी कोणी येत नाही, तेवढं सांगितलं.”

इथे मी गप्प झालो. कारण आंटी आमच्याच धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या वस्तीतल्या. दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या खांबामागे बसायच्या, कारण खुर्चीला जागा तेवढीच होती. मी कितीतरी वर्षं त्यांच्या बाजूने जाऊन पुढच्या बाकावर बसत होतो आणि त्यांचं घर कुठे आहे हे मला लूर्दला जाऊन कळलं. धर्मग्रामाला इंग्रजीत पॅरिश म्हणतात. त्या शब्दाचं मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ परक्या मुलखात मुक्कामाला असलेल्यांची वस्ती असा होतो. म्हणजे यात्रेकरू आम्ही आधीपासूनच होतो, फक्त शेजारच्या मुक्कामाची चौकशी कुणी केली नव्हती.

बर्नाडेटचं पुढे काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही. 1866 साली ती नव्हेर गावी मठात गेली आणि 1879 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, तिथेच वारली. लूर्दला पुन्हा कधीच आली नाही. नव्हेरला ती आजारी सिस्टरांची शुश्रूषा करायची आणि पुढे पुढे स्वतःच अंथरुणाला खिळायची. ती स्वतःची तुलना झाडूशी करायची असं सांगतात: काम झालं की दाराआड ठेवायचा. लूर्दला गर्दी वाढत होती तेव्हा ही दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी उशाशी बसलेली. यात्रा घरी कशी आणायची याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

परतल्यावर मी आमच्या फादरांना म्हटलं, आजाऱ्यांच्या घरी जाताना मला सोबत न्या. 1973 पासून पोपच्या परवानगीने आमच्यासारखी साधी माणसंही घरोघर कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, नेऊ शकतात, त्यासाठी थोडं प्रशिक्षण आणि बिशपांची नेमणूक लागते. ते सगळं रीतसर झालं. आता महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी छोटी गोल डबी खिशात घेऊन मी पाच घरं करतो. एरवीच्या चिडचिडीत फारसा फरक नाही, हे माझी बायको अधिक खात्रीने सांगेल. कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, मात्र आता वर्षातून एकदाच जात नाही, जास्त वेळा जातो. लूर्दच्या लांब रांगेत लाज जरा मोडली.

आंटींचं घर पाचवं. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे भाकर देताना मी ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणायच्या आधीच त्या मोठ्याने ‘आमेन’ म्हणून मोकळ्या होतात. मग मी माझा शब्द उगाच मागाहून म्हणतो आणि त्या मला सांगतात, बस जरा, लगेच काय निघालास.