काकूंच्या डब्याच्या मेन्यूचं पहिलं वेब पेज बनवलंय, लॅपटॉपवर मस्त दिसतं पण मोबाईलवर अक्षरं बारीक होतात, आणि मित्र म्हणतो ॲक्सेसिबिलिटी (म्हणजे कमी दिसणाऱ्यांना, माऊस न वापरणाऱ्यांनाही पेज वापरता येणं) शून्य आहे. कोड पाठवलाय, काय सुधारू?

कोड वाचला. मोबाईलचं आधी सांगतो, ते पटकन होण्यासारखं आहे. तुमच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगच नाहीये, म्हणजे पेज किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ. तो नसला की फोनचा ब्राउझर पेज साधारण 980 पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग अख्खं आकसून दाखवतो, म्हणून अक्षरं मुंगीएवढी. टॅग टाका, विड्थ डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल 1, बस. झूम बंद करणारं युझर-स्केलेबल नो मात्र टाकू नका, बऱ्याच ठिकाणी कॉपी-पेस्टमध्ये ते आपोआप येतं आणि मग डोळे अधू असलेल्या माणसाने झूम करायचं कसं?

टॅग टाकला की दुसरी गंमत दिसेल, पेज आडवं सरकायला लागेल, कारण कंटेनरला तुम्ही 1200 पिक्सेल विड्थ ठोकून दिलीय. तिथे मॅक्स-विड्थ करा, फोटोंना मॅक्स-विड्थ 100 टक्के आणि हाइट ऑटो, आणि ती तीन कार्डं फ्लोटवर आहेत ती फ्लेक्सवर (सीएसएसची नवी मांडणी) घेऊन रॅप चालू करा, म्हणजे जागा नसली की कार्ड खालच्या ओळीत जाईल. मग डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधलीच तपासणीची साधनं) 320 पिक्सेल रुंदीवर बघा, आडवं स्क्रोल व्हायला नको.

आता मित्राचं म्हणणं. खरं सांगू का, साधं एचटीएमएल बरंच काही फुकटात देतं, आपणच ते मोडतो. तुमचं "ऑर्डर करा" हे डिव्ह, म्हणजे नुसता साधा चौकोन आहे, त्याला क्लिक केल्यावर चालणारं ऑनक्लिक लावलंय. दिसतं बटणासारखं पण माऊस बाजूला ठेवून टॅब दाबत जा, तिथे फोकस (कीबोर्डची निवड) येतच नाही, म्हणजे कीबोर्डवाल्याला जेवण नाही 😀 बटण टॅग वापरला की फोकस, एंटर, स्पेस सगळं आपोआप मिळतं. आणि सीएसएसमध्ये आउटलाइन नन लिहिलंय, त्याने फोकसभोवतीची चौकट लपते, ते उडवा, नाहीतर फोकस कुठे आहे तेच कळत नाही. (मीही लिहायचो, निळी चौकट कुरूप वाटायची.)

फॉर्ममध्ये नुसते प्लेसहोल्डर (रकान्यातला फिकट सूचनेचा मजकूर) आहेत, टाइप करायला लागलं की ते गायब, मग हा रकाना नावाचा होता की पत्त्याचा? प्रत्येकाला लेबल द्या आणि लेबलचं "फॉर" त्या इनपुटच्या आयडीला जोडा. थाळीच्या फोटोला ऑल्ट (फोटो न दिसणाऱ्यासाठी त्याचं वर्णन) नाहीये, तिथे "फोटो" असं लिहू नका, "दोन पोळ्या, मटकीची उसळ, वरण-भात" असं लिहा, नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला ऑल्ट रिकामा ठेवा, पण ठेवा. किमतीचा फिकट राखाडी रंग 999 आहे, पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतल्या उजेडाच्या फरकाचं प्रमाण) 3 च्याही खाली जातो, साध्या मजकुराला 4.5 लागतो. 595959 करा.

एक गोष्ट मराठी पेजवाले हमखास विसरतात. एचटीएमएल टॅगवर लँग "ईएन" तसंच राहिलंय, ते "एमआर" करा, त्यावरूनच स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कळतं कुठल्या भाषेचा आवाज लावायचा. आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) 1.2 वरून 1.6 करा, आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात.

सगळं झालं की अँड्रॉइडवर टॉकबॅक (फोनमधला स्क्रीन रीडर) लावून, डोळे मिटून एक डबा ऑर्डर करून बघा. फक्त तो बंद कसा करायचा ते आधी वाचून ठेवा, कारण तो चालू असताना एका टॅपने काहीच उघडत नाही, दोनदा मारावं लागतं, मी पहिल्यांदा फोन बिघडला म्हणून घाबरलो होतो.