औषधांच्या खर्चात बचत : सुरुवात कोठून करावी

आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचा खर्च आपण आता हिशेबात धरू लागलात, हे फार चांगले केले. मात्र कुपने आणि साखळी औषध-दुकाने खरेदीवर देतात ते गुण (पॉइंट्स) यांच्या मागे पहिल्याच महिन्यात लागू नका. आधी डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव (ब्रँडचे नव्हे, घटकाचे) लिहून देण्याची विनंती करा, कारण त्याच घटकाची जेनेरिक (ब्रँडच्या नावाशिवाय विकली जाणारी) गोळी सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रात पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर जवळचे केंद्र व दर दोन्ही पाहता येतात. परभणी-लातूरकडच्या आमच्या घरांत खरी बचत येथेच होते, असा माझा अनुभव आहे.

गुणांसाठी एकच दुकान निवडा आणि ते गुण कधी बाद होतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नवखे लोक पुढील चुका हमखास करतात :

- कुपनाची किमान रक्कम गाठण्यासाठी नको असलेली टॉनिके घेणे;
- वापराची अंतिम तारीख न पाहता, सवलत आहे म्हणून तीन-चार महिन्यांच्या पट्ट्या साठवणे;
- पक्के बिल न घेणे.

स्वस्त पर्याय दिसला, तरी गोळी किंवा तिची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.