एकच मॅजिक कार्ड एका फॉरमॅटमध्ये महाग आणि दुसऱ्यात कवडीमोल का?

तुम्ही विचारलंय, की मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातल्या एकाच कार्डाला एक खेळाडू भरपूर पैसे मोजतो आणि दुसरा त्याकडे बघतही नाही, असं का? आणि जवळची कार्डं ठेवावीत की विकावीत?

कार्ड दुर्मीळ आहे एवढ्यावर भाव येत नाही. ते कोणत्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे कोणती कार्डं चालतील हे ठरवणाऱ्या खेळप्रकारात, चालतं, तिथल्या डेकला (खेळाडूच्या गड्डीला) किती प्रती लागतात, किती काळ चालणार आणि पुन्हा छापलं जाईल का, हे आधी बघा.

स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये फक्त अलीकडचे सेट (एकत्र बाजारात आलेली कार्डं) चालतात, तेही ठरावीक मुदतीपुरते. २०२३ मध्ये ती मुदत दोनाची तीन वर्षं झाली, पण मुदत ती मुदतच. भाव ती संपायच्या बराच आधी उतरायला लागतो. ही कार्डं खेळण्यासाठी घ्यावीत, साठवण्यासाठी नाही.

मॉडर्न फॉरमॅटमध्ये मुदत नाही, म्हणून तिथे पैसा सुरक्षित असं वाटतं. मलाही वाटायचं. माझ्याकडे चार टार्मोगॉइफ होते. दोन मानाचा प्राणी (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजावी लागणारी ऊर्जा), सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, कार्डांचे जितके प्रकार तितकी त्याची ताकद. एकेकाळी एका प्रतीला शंभर डॉलरच्या वर मिळायचे. २०१३ मध्ये ते पुन्हा छापलं, तरी भाव पडला नाही. नव्या खेळाडूंना एक मिळालं की चारचा संच पुरा करायला उरलेले तीन हवे असायचे. मग २०१७ मध्ये फेटल पुश हे कार्ड आलं. एका मानात टार्मोगॉइफ गारद. पुढे त्याहून सरस प्राणी आले, रिप्रिंटही होत राहिले आणि भाव घसरला. माझी चारही कार्डं प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये जशीच्या तशी आहेत. ती आजही मॉडर्नमध्ये चालतात, फक्त डेकमध्ये त्यांना जागा उरलेली नाही.

कमांडर फॉरमॅटचा हिशेब वेगळा. शंभर कार्डांचा डेक, बेसिक लँड (माना देणारी साधी कार्डं) सोडल्या तर प्रत्येकाची एकच प्रत. पण लोक असे पाच-सहा डेक बाळगतात आणि वर्षानुवर्षं मोडत नाहीत, त्यामुळे मागणी टिकते. धोका एवढाच, की जे कार्ड दुसरीकडे निरुपयोगी, त्याला खाली आधार नसतो. ज्युएल्ड लोटस या कार्डाचा माना फक्त आपल्या कमांडरसाठी, म्हणजे डेकच्या म्होरक्या कार्डासाठी, वापरता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ते कमांडरमध्ये बॅन झालं आणि भाव कोसळला. लेगसी आणि विंटेज या जुनी कार्डं चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ते कागदोपत्री चालतं, पण तिथे कमांडरच नसतो! मॅना क्रिप्ट हे कार्डही त्याच दिवशी बॅन झालं. त्याला निदान विंटेजमध्ये एका प्रतीची जागा आहे.

सगळ्यात भक्कम मला रिझर्व्ह्ड लिस्टमधल्या ड्युअल लँड, म्हणजे दोन प्रकारचा माना देणाऱ्या लँड, वाटतात. ही यादी १९९६ ची. त्यातली कार्डं पुन्हा छापणार नाही, असं कंपनीचं वचन आहे. त्यातलंच अंडरग्राउंड सी लेगसीवाल्याला हवं, कमांडरवाल्यालाही हवं, आणि नवी प्रत येणार नाही. ब्लॅक लोटस या कार्डाला मात्र हे गणित लावू नका. ते लेगसी आणि कमांडर दोन्हीत बॅन आहे, विंटेजमध्ये एकच चालतं. त्याचा भाव संग्राहक ठरवतात.

तेव्हा स्टँडर्डची कार्डं मुदत जवळ यायच्या आत विका. जुन्या खोक्यात पांढऱ्या कडेच्या, दोन प्रकारचा माना देणाऱ्या लँड सापडल्या, तर आधी त्यांची नावं रिझर्व्ह्ड लिस्टशी ताडून बघा. त्या पुसू नका, रबरबँड लावू नका, लगेच स्लीव्हमध्ये घाला. कड थोडी झिजली तरी भाव बराच उतरतो.