हिरवा डबा उघडा, हिशेब त्यातच आहे

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की महिन्याचा किराणा हा घरातला सगळ्यात खोटारडा खर्च आहे, तर त्यावर एवढी पत्रं आली की बास. फराळाच्या रेसिपीलासुद्धा येत नाहीत एवढी. सगळी छापता येणार नाहीत, काही निवडली, काही एकसारखी होती त्यांचं एकच केलं. नावं मुद्दाम दिली नाहीत, कारण अर्ध्या पत्रांत सासूबाईंबद्दल काहीतरी आहेच.

प्रश्न : काकू, आम्ही सुदामा नगरला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. किराणा, सब्जी, दूध मिळून महिन्याला १९-२० हजार जातात. मी ऑफर बघूनच घेते, एकावर एक फ्री असेल तर सोडत नाही, तरी २२ तारखेला पर्स रिकामी. नवरा म्हणतो तू हिशेब ठेवत नाहीस. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : पहिलं म्हणजे नवऱ्याला सांग की जेवणारे सहा जण आहेत, तर वही काय एकटीनेच लिहायची? आणि खरं सांगू का, वही लिहूच नकोस. माझ्याकडे अशा किती वह्या आहेत ज्यात जानेवारीचे पहिले नऊ दिवस अगदी जिऱ्याच्या पुडीपर्यंत लिहिलेत आणि पुढे कोरं, मग मागच्या पानांवर नातवाने हत्ती काढलेत.

त्यापेक्षा आपल्या इंदूरवाल्यांकडे एक तयार वही आहे ती वापर. ओला कचरा वेगळा ठेवायची सवय आपल्याला आता लागलेलीच आहे ना, तर पंधरा दिवस त्या हिरव्या डब्यात काय काय जातं ते फ्रीजवर एक कागद चिकटवून लिहायचं, सालं-देठं-चहाचा चोथा सोडून, फक्त जे खाता आलं असतं ते. मी केलं होतं हे, आणि मी स्वतःला फार काटकसरी समजायचे. पंधरा दिवसांत निघालं काय, तर कोथिंबीर तीनदा, अर्धी जुडी मेथी, दोन वेळचा भात, तळाशी काळे पडलेले टोमॅटो आणि पनीरचं एक अख्खं पाकीट, जे फोडून मागे सरकवलं नि विसरले. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो, तिथे २०२२ पासून त्याची सीएनजी बनते नि शहराच्या बसेस त्यावर चालतात, खूप चांगली गोष्ट आहे, पण माझ्या पनीरने बस चालावी असा काही माझा हेतू नव्हता.

आता ऑफर. एकावर एक फ्री तेव्हाच स्वस्त जेव्हा दुसरं तू तसंही विकत घेणार होतीस आणि ते टिकणारं आहे. टूथपेस्ट, साबण, घे खुशाल. सॉस, मेयो, फ्लेवरचं दही, नको, कारण घरात दोन बाटल्या असल्या की मुलं दुप्पट खातात, हे मी सांगायला नको.

दुकानात पाकिटाची किंमत बघायची नाही, किलोची बघायची. एमआरपीच्या जवळच बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापलेला असतो, चष्मा लावून तो वाच. विशेषतः तेलात. सोयाबीनचं एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण आता बाजारात त्याच उंचीच्या थैल्या ८५० ग्रॅमच्या, ८०० ग्रॅमच्याही मिळतात, आपण उचलतो आणि म्हणतो अरे हे पाच रुपये स्वस्त. स्वस्त नाही बाई, कमी आहे. डब्याचंही तेच, १५ लिटरचा डबा म्हणजे १५ किलो नाही, साधारण साडेतेरा किलो, म्हणून डबा घेताना आधी विचारायचं "किलोचा का लिटरचा" आणि मगच भाव. माझी इथे एकदा छान फसगत झालीय, आणि चूक दुकानदाराची नव्हती, डब्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

शेवटचं, यादी सोफ्यावर बसून नाही करायची, डब्यांसमोर उभं राहून झाकणं उघडून करायची. माझ्याकडे एकदा तीन पाकिटं साबुदाणा निघाला होता. तीन! श्रावण संपला तरी आम्ही खिचडीच खात होतो.

प्रश्न : वैशाली नगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट नाही. चौघं आहोत, दिवसाला वीसेक पोळ्या होतात. सासूबाई म्हणतात अक्षय तृतीयेच्या आत वर्षाचा गहू भरून टाका, आमच्याकडे कायम भरायचे. हे म्हणतात कोण एवढं वर चढवणार, पिठाची तयार थैली आण. मी मधल्यामधे पिसतेय, चक्कीविनाच. खरंच किती फरक पडतो?

उत्तर : चक्कीविनाच पिसतेय हे वाचून मी चहा सांडला. बरं, आता आकडेच मांडू, म्हणजे घरात तुझं नाव यायला नको, माझं येऊ दे.

एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक धर. वीस पोळ्या म्हणजे ६०० ग्रॅम, महिन्याला १८ किलो, वर्षाला दोन क्विंटलच्या थोडं वर. गावाला जाणं, सण, बाहेर जेवण वजा केलं की दोन क्विंटल पुरतो. आता समजा चांगला साफ केलेला लोकवन गहू तुला ३२ रुपयांनी पडला आणि चक्कीवाला किलोला चार घेतो, तर कणीक पडली ३६ला. पाकिटातली समजा ४३ला मिळते. किलोमागे सात, दोनशे किलोला चौदाशे रुपये. तुझ्याकडचे भाव टाकून बघ, थोडं इकडेतिकडे होईल. म्हणजे महिन्याचे सव्वाशेच्या आत. सासूबाईंना वाटतं तेवढं नाही आणि तुझ्या ह्यांना वाटतं तेवढं कमीही नाही.

थोडा फरक टॅक्सचाही आहे. सुट्या गव्हाला जीएसटी नाही, पण जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्याला नि पिठाला ५ टक्के आहे, त्यामुळे छोट्या थैलीत तो धरलेलाच असतो.

माझं मत विचारशील तर दोन क्विंटल एकदम नको. साडेसहा हजार रुपये एका दिवसात द्यायचे, जिन्यावरून चढवायचे हमालाला वेगळे, आणि वर ते चार कट्टे ठेवायचे कुठे, दिवाणात तर गोधड्या आहेत. आणि कार्डाच्या हप्त्यावर गहू भरणारे लोकही मी बघितलेत, तिथे बचत कसली, व्याजानेच खाल्ली. ५० किलोचा एक कट्टा आण, तीन महिने जातो. हंगामात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, जमलं तर दोन. पण कट्ट्याआधी त्याच मालातला पाच किलो आणून दळून पोळ्या करून बघ, दाणा दिसायला सोन्यासारखा नि पोळी चामड्यासारखी असं होतं कधीकधी. शरबतीच हवा असा हट्ट धरू नकोस. सिहोरकडचा शरबती गोड असतो यात वाद नाही, पण तो महाग, आणि रोजच्या डब्यातल्या पोळीला लोकवन मऊ राहतो. पाहुण्यांना शरबती, आपल्याला लोकवन, आमच्याकडे तरी असंच होतं.

कुठून घ्यायचा? छावनीच्या बाजूला धान्याची दुकानं आहेत, घरपोच देतात, पण तिसरा मजला म्हटल्यावर आवाज बदलतो, ते आधी ठरवून घे. डाळ-तांदूळ-मसाला एकदम घ्यायचा असेल तर सियागंज, पण तिथे एकटीसाठी जाण्यात अर्थ नाही. बिल्डिंगमधल्या तिघी मिळून जा, तूरडाळीचा कट्टा फोडून वाटून घ्या, तेव्हा परवडतं. रिक्षाचे पैसे धरून हिशेब कर, ते कोणी धरतच नाही.

साठवायचं मात्र सासूबाईंना विचार, तिथे त्या माझ्यापेक्षा जास्त जाणत असतील. गच्चीवर कडक ऊन द्यायचं, दाणा दाताखाली कट् वाजला पाहिजे, गार झाल्याशिवाय कोठीत भरायचा नाही, नाहीतर आत घाम सुटतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, एरंडेलाचा हात फिरवतात, दोन्ही ठीक. एक गोष्ट ऐक, आणि ही गमतीत नाही लिहीत. कोणी कितीही सांगितलं तरी घरातल्या गव्हात सल्फासची गोळी टाकायची नाही. त्यातून निघणारा वायू जीव घेतो, बंद खोलीत माणसं गेलीत त्याने. किडा लागला तर लागला, चाळून उन्हात टाकू.

प्रश्न : फुल क्रीम दूध घेते म्हणजे साय निघते, तूप घरी होतं. जाऊबाई म्हणतात टोण्ड घे आणि तूप विकत आण, तेच स्वस्त. कोणाचं बरोबर? (टिळक नगर)

उत्तर : दोघींचं थोडं थोडं. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं, टोण्डमध्ये ३, म्हणजे एका लिटरला जवळपास ३० ग्रॅमचा फरक, रोज एक लिटर घेतलं तर महिन्याला ९०० ग्रॅम. लिटरमागे १२ रुपये जास्त देत असशील तर महिन्याचे ३६० झाले. ९०० ग्रॅम तूप ३६०ला मिळालं तर मीच तुझ्याकडून घेईन, पण तसं होत नाही ना, अर्धं फॅट तर चहातून आणि मुलांच्या ग्लासातून पोटात जातं. महिनाभर सायीचं तूप तोलून बघ. अर्धा किलोच्या आसपास निघत असेल तर चालू ठेव, वाटीभरच निघत असेल तर जाऊबाईंना फोन कर. आणि पाकिटावर होमोजिनाइज्ड लिहिलेलं असेल तर जाड साय येणारच नाही, गवळ्याला दोष देऊ नकोस. सायीचं तूप फुकट असतं हा मात्र गोड गैरसमज आहे, पैसे आपण दुधातच देतो. बेरीचे तेवढे वेगळे धरलेले नाहीत, बेरी-साखर मोजू नये.

प्रश्न : काकू मी २५ वर्षांचा, आयटीत आहे, विजय नगरला दोन मित्रांबरोबर राहतो. पगार ठीक आहे पण ॲपवरून दहा मिनिटांत सामान येतं तर आम्ही रोजच काहीतरी मागवतो. आई महेश्वरहून ओरडते. दुकानात आणि ॲपवर भाव तर सारखाच असतो ना?

उत्तर : बाळा, भाव बऱ्याचदा सारखाच असतो, कधी कमीही असतो. पण बिलाच्या खाली बघ ना. हँडलिंग, डिलिव्हरी, छोट्या ऑर्डरचे वेगळे, पाऊस पडला तर त्याचे वेगळे. ३० रुपयांची कोथिंबीर-मिरची मागवतोस आणि वर पंचवीस रुपये देतोस. मग ते वाचवायला २०० रुपयांचं करायचं म्हणून चिप्स, चॉकलेट, एक कोल्ड्रिंक. चिप्स तुला नको होते, बरोबर? कोथिंबीर हवी होती.

एवढंच कर, ॲप काढून टाक असं मी म्हणणार नाही, तू काढणार नाहीस. लागेल ते दिवसभर कार्टमध्ये टाकत जा आणि ऑर्डर फक्त बुधवारी नि रविवारी. तोपर्यंत अर्ध्या गोष्टींची गरज आपोआप संपलेली असते. सब्जी खाली ठेल्यावरून घ्या, तिघांना पाव-पाव किलो पुरतं आणि कढीपत्ता तो असाच देतो. आईला फोन रोज कर, ती सामानाबद्दल ओरडत नाहीये.

प्रश्न : जीएसटी कमी झाला म्हणतात, मग बिल का कमी होत नाही?

उत्तर : सगळ्यावर झालेला नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी, चीज आणि नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, बिस्किटं, अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आणि पाकीटबंद पनीर शून्यावर. तेल, चहा, साखर आधीपासूनच ५ मध्ये होते, तिथे काही हललं नाही. कोणी एमआरपीपेक्षा जास्त घेत असेल तर बिल मागा आणि १९१५ला फोन करा, ग्राहकांची सरकारी हेल्पलाइन आहे.

प्रश्न : किराण्यातून दोन हजार वाचायला लागलेत. कॉलनीत वीस जणींची बीसी (भिशी) आहे, त्यात टाकू का? (लोकमान्य नगर)

उत्तर : वीसच्या वीस जणींच्या घरी तू चहा प्यायलेली असशील तर टाक. मी एकदा अशा बीसीत होते जिथे निम्म्या बायका "तिच्या ओळखीच्या" होत्या, चौदाव्या महिन्यात जमवणारीने घर बदललं, माझी चिठ्ठी सतराव्या महिन्यात होती. बाकी समजून घे. आता मी पोस्टात आरडी करते, महिन्याला शंभरापासून सुरू होते, पाच वर्षांची असते. तिथे समोसे मिळत नाहीत एवढीच खोट आहे. जमलं तर पाचशे बीसीत टाक, गप्पांसाठी, आणि दीड हजार पोस्टात.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, रामबागेत राहतो. रविवारी सकाळी बाहेर पोहे-जलेबी खातो. तुमचा लेख वाचून सौ.ने ते बंद केलंय, म्हणते घरी दहा रुपयांत होतात. न्याय द्या.

उत्तर : काका, माफ करा, माझ्या लेखाचा हा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. काकूंचा हिशेब बरोबर आहे, पण घरच्या पोह्यांवर ती बारीक शेव, जिरावन मसाला, कच्चा कांदा नि वरून वाफ, हे सगळं आणायला गेलं तर दहाचे पंचवीस होतात, आणि कढई घासायची राहतेच. ती घासतं कोण? तुम्ही घासत नसाल तर एक काम करा, येत्या रविवारी काकूंना बरोबर न्या आणि पैसे तुमच्या पेन्शनमधून द्या, किराण्यातून नाही.