कीबोर्डच्या काही पट्ट्या हलक्या हाताने दाबूनही एकदम मोठ्याने वाजतात, तर काही वाजतच नाहीत, काय करावे?

बहुतेक वेळा पट्ट्यांखालची रबरी संपर्कपट्टी आणि तिच्याखालचा सर्किट बोर्ड स्वच्छ केला की हा दोष जातो, त्यामुळे नवा कीबोर्ड घेण्याची घाई करू नये. स्पर्शाच्या वेगाला प्रतिसाद देणाऱ्या कीबोर्डमध्ये साधारणतः प्रत्येक पट्टीखाली रबराच्या घुमटात कार्बनचे दोन काळे ठिपके असतात. पट्टी दाबताना ते एकापाठोपाठ एक बोर्डाला टेकतात आणि त्या दोन स्पर्शांमधल्या काही मिलिसेकंदांच्या अंतरावरून स्वर किती मोठा काढायचा हे यंत्र ठरवते. मध्ये धूळ किंवा केस अडकला की हा हिशेब चुकतो, आणि स्वर किंचाळतो किंवा मुका राहतो.

उघडण्यापूर्वी अडॅप्टर व सेल काढावेत आणि कोणता स्क्रू कुठला हे लिहून ठेवावे, कारण लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळल्यास प्लास्टिक फुटते. बोर्डावरचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या कापसाने पुसावेत. रबरी ठिपक्यांवरून मात्र तंतू न सोडणारे कोरडे कापडच अगदी हलके फिरवावे, कारण घासल्यास कार्बनचा थर निघून जातो आणि मग ती संपर्कपट्टीच बदलावी लागते. सर्व पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी.

मात्र सलग बऱ्याच पट्ट्या किंवा ठरावीक अंतरावरची प्रत्येक पट्टी बंद असेल, तर दोष धुळीचा नसून बहुधा रिबन केबलचा (आतले भाग जोडणाऱ्या चपट्या तारेचा) किंवा बोर्डाचा असतो, आणि ते काम जाणकार दुरुस्तीकाराकडेच द्यावे.