दुखण्याची गोळी दिल्यानंतर

घरात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी वेदनाशामक औषधांबद्दल विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. ते दिल्यावर काय पाहायचं, याची ही उत्तरं.

प्रश्न : आईला कॅन्सर आहे. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली आहे, पण सवय लागेल म्हणून आम्ही फार दुखायला लागलं तरच देतो. गोळी घेतली की ती झोपते. ही साधी झोप की गुंगी? शिवाय रोज इसबगोल देऊनही चार दिवस पोट साफ झालेलं नाही.

उत्तर : साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. दुखणं चढल्यावर गोळी दिली, तर ती लागू पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास आई कळवळत राहते आणि एकूण औषधही बऱ्याचदा जास्तच लागतं. म्हणून गोळी घड्याळ पाहून द्या. शरीराला औषधाची सवय होते हे खरं. त्यामुळेच ते एकदम बंद करायचं नसतं, नाहीतर घाम, जुलाब, तगमग सुरू होते. पण याला व्यसन म्हणत नाहीत. रात्री दोनला उठवणं जड जात असेल तर डॉक्टरांना विचारा. झोपतानाचा डोस वाढवून मधला वगळण्याची सोय ते करून देऊ शकतात. स्वतःहून मात्र डोस दुप्पट करू नका. मध्यंतरी तुम्ही गोळ्या तुटक दिल्या आहेत, हेही त्यांना सांगा, कारण पूर्ण डोस पुन्हा सुरू करण्याआधी त्यांना ते माहीत हवं.

आता झोपेबद्दल. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले दोन-तीन दिवस पेंग येते आणि मग ओसरते. बरेच दिवस झोप न झालेला माणूस दुखणं थांबल्यावर गाढ झोपतो, तेही ओघानं आलंच. फरक ओळखायचा तो हाक मारून. नाव घेऊन खांद्याला हात लावा. डोळे उघडून सरळ एक वाक्य बोलली, तर ती झोप. बोलता बोलता मान टाकत असेल, तर ती गुंगी. पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढलेली असते, म्हणून हे आधी पाहायचं.

श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी पाहिल्यासारखं मनगट धरून छातीकडे पाहा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. या औषधांनी श्वास अनियमित होतो आणि ते गणित फसतं. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. दहाच्या खाली आले तर लगेच कळवा. आठ किंवा कमी, ओठ निळसर, घशात घरघर आणि हाकेला ओ नाही, असं दिसलं तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर तेही सांगा.

बद्धकोष्ठाचं वेगळं आहे. मळमळ बहुतेकदा आठवड्याभरात जाते, सुरुवातीची पेंग जाते, पण हा त्रास मॉर्फिन चालू असेपर्यंत राहतो. आतड्याची हालचालच मंद होते आणि मळातलं पाणी शोषलं जाऊन खडे होतात. इसबगोल मळाचा आकार वाढवतं. तो पुढे ढकलायला आतडं हलायला हवं आणि भरपूर पाणीही हवं. इथे दोन्ही नाही, त्यामुळे गोळा तिथेच अडतो. इसबगोल बंद करून आतड्याला चालना देणारं औषध, सेन्ना किंवा बिसाकोडिल, डॉक्टरांकडून लिहून घ्या. खरं तर ते मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं. रात्री दिलं की साधारण सकाळी परिणाम दिसतो. पण चार दिवस झालेच आहेत, तर आधी तपासून घ्या. खडा खाली अडकला असेल तर बस्ती (एनिमा) किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून आत सारायची औषधाची कांडी) लागेल. बिसाकोडिलची सपोझिटरी मळात खुपसली तर काम करत नाही, ती गुदाशयाच्या भिंतीला टेकली पाहिजे. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वायूही सरत नाही, असं असेल तर कोणतंही रेचक न देता रुग्णालय गाठा.

यात हमखास एक फसगत होते. अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि रेचक बंद होतं.

प्रश्न : फेंटानिलचा पॅच लावून तीन तास झाले, तरी वडिलांचं दुखणं कमी नाही. वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. उष्णतेनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तीन दिवस पुरायचं औषध भराभर रक्तात उतरतं. जोराचा ताप चढला तरी हेच घडतं, तेव्हा लगेच कळवा. पहिल्या पॅचचा परिणाम जाणवायला बारा ते चोवीस तास जातात. तोवर कोणतं जलद औषध द्यायचं ते विचारून ठेवा. पॅच ७२ तासांनी, जागा बदलून लावायचा. त्वचा नुसत्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, केस कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा, कडा नीट चिकटू द्या. नवा लावण्याआधी जुना काढलाय ना, हे अंगावर पाहून खात्री करा. काढलेल्या पॅचमध्येही लहान मुलाच्या जिवावर बेतण्याइतकं औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीनं निकालात काढा. पॅच काढल्यानंतरही परिणाम एकदम जात नाही, त्यामुळे गुंगीमुळे काढला असेल तर पुढचे चोवीस तास लक्ष ठेवा.

प्रश्न : सासऱ्यांना गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चारदा आणि डायक्लोफेनॅक चालू आहे. रक्तदाबाच्या गोळ्याही आहेत. आता सर्दीची गोळी दिली तर?

उत्तर : सर्दीच्या गोळीच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा. तिच्यात बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. ६५० चारदा म्हणजे २६००, वर सर्दीच्या तीन गोळ्यांचे १५००; झाले ४१००. प्रौढाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि वजन ५० किलोच्या आत किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. जास्त झाल्यावर पहिल्या दिवशी बऱ्याचदा काहीच त्रास दिसत नाही, म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

डायक्लोफेनॅकची काळजी वेगळी. जेवणानंतर घेतलं की पोट सुरक्षित, हा समज अर्धवट आहे. ते रक्तातून जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत करतं, त्यामुळे इंजेक्शननेही व्रण होऊ शकतो. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीची शौच झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. रक्तदाबाच्या गोळीचं नाव ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’नं संपत असेल आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल, तर या तिघांचा ताण मूत्रपिंडावर येतो. पायांवर सूज, कमी लघवी आणि एकाएकी वाढलेलं वजन, ही त्याची खूण. हा त्रास नसला तरी सगळ्या पट्ट्या घेऊन एकदा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आजींना स्मृतिभ्रंश आहे. दुखतंय का विचारलं की ‘नाही’ म्हणतात, पण कूस बदलताना ओरडतात. गोळी गिळतही नाहीत, म्हणून आम्ही कुटून देतो.

उत्तर : त्यांच्या ‘नाही’वर जाऊ नका, अंगाकडे पाहा : कपाळावर आठ्या, आवळलेल्या मुठी, कण्हणं, अंघोळीला विरोध, जेवण टाळणं. डोसच्या आधी आणि तासाभराने यांतलं काय दिसतं ते वेळ घालून वहीत लिहा. त्यावरून औषध लागू पडतंय की नाही, हे डॉक्टरांना कळतं. कुटण्याआधी मात्र नाव वाचा. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती गोळी कुटायची नाही; बारा किंवा चोवीस तासांचं औषध एकाच वेळी अंगात जातं. पातळ औषध मिळतं का ते विचारा, आणि कूस बदलणं, अंघोळ, ड्रेसिंग ही कामं डोसनंतर अर्ध्या-पाऊण तासाने करा.